पस्तीस पत्रकार आणि एक मूद भात

पाच विमानं, साधारण पंचवीस टन सामान आणि पस्तीस पत्रकार. यातले पहिले दोन आकडे मदतकार्याच्या कुठल्याही बातमीत खपून जातात. तिसरा मात्र दातात अडकलेल्या कुसासारखा, जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते. ४ जून १९८७ ची दुपार. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलची एएन-३२ मालवाहू विमानं बंगळुरूहून उडाली आणि श्रीलंकेच्या उत्तर टोकाच्या तमिळबहुल जाफनावर शिधा टाकून परत आली. सोबतीला मिराज-२००० लढाऊ विमानं होती, दोनच वर्षांपूर्वी ताफ्यात आलेली, पंखांखाली हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं लावलेली. दुपारी तीनच्या सुमाराला दिल्लीत परराष्ट्र राज्यमंत्री नटवर सिंह यांनी श्रीलंकेच्या उच्चायुक्तांना बोलावून सांगितलं, की आमची विमानं चारच्या सुमाराला निघताहेत आणि अडवलीत तर आम्ही गप्प बसणार नाही. भाडेकरूला खोली रिकामी करायलासुद्धा महिन्याची मुदत देतात. इथं एका देशाला आपल्या आकाशाची किल्ली द्यायला तासभर मिळाला. मोहिमेचं नाव होतं ‘पूमालै’, तमिळमध्ये फुलांचा हार. मराठीत हार या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, पण नाव ठेवणाऱ्यांत मराठी माणूस नसावा.

आता जरा हिशेब मांडू, कारण हेतूंच्या वादात हिशेब कुणी मांडत नाही. जाफना जिल्ह्यात तेव्हा सात-आठ लाखांची वस्ती. साडेसात लाख धरली, तर पंचवीस टनांतून माणशी तेहतीस ग्रॅम आले. मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम तांदूळ मावतो, म्हणजे मूठभरही नाही. सगळा तांदूळच होता असं धरलं आणि तो शिजवला, तर पानात पाडायची एक मूद होईल, एकदाच. दिवसाला माणशी चारशे ग्रॅम धान्य धरलं तर त्या जिल्ह्याला रोज तीनशे टन लागत होतं. पाच विमानांनी नेलं ते एका दिवसाचा बारावा भाग, म्हणजे दोन तासांचं अन्न. एएन-३२ च्या पोटात साडेसहा टनांपर्यंत माल जातो. म्हणजे पाच विमानांत आणखी काही टन बसले असते का? नुसत्या वजनाच्या अंगानं पाहिलं तर हो. पण छत्र्या बांधलेल्या गाठोड्यांनी विमान वजनाआधी जागेनंच भरतं, आणि बंगळुरू ते जाफना जाऊन-येऊन इंधनही लागतं. त्यामुळे पत्रकारांसाठी तांदूळ उतरवला, असा आरोप करणं अन्यायाचं होईल. तरी पस्तीस माणसं म्हणजे कॅमेऱ्यांसकट अडीच-तीन टन. तेवढ्या वजनाची जागा कुणीतरी विचार करून राखली होती, एवढं नक्की.

मग पंचवीस टन कशासाठी?

उत्तरं तेव्हाच दोन मिळाली आणि दोन्ही बाजू अजून तीच देतात. दिल्लीचं म्हणणं: २६ मे पासून श्रीलंकेच्या सैन्यानं जाफना द्वीपकल्पातल्या वडमराच्चीवर चढाई केलीय, जानेवारीपासून जाफनाचं इंधन तोडलंय, लोक उपाशी आहेत, आदल्या दिवशी आम्ही रामेश्वरहून मच्छीमार बोटींत सामान घालून पाठवलं तर तुमच्या आरमारानं समुद्रात अडवून परत धाडलं, आता काय करायचं? कोलंबोचं म्हणणं: जाफनात कुणी उपाशी नाही, आम्ही तमिळ अतिरेक्यांचा निकाल लावायच्या बेतात आहोत म्हणून तुमच्या पोटात दुखतंय, तमिळनाडूच्या मतांसाठी हे चाललंय, आणि ज्या पोरांना तुम्हीच १९८३ पासून आपल्या भूमीवर बंदुका चालवायला शिकवलंत त्यांना वाचवायला तुम्ही तांदळाचा आव आणताय. याला जोड म्हणून दिल्लीतले विरोधक होतेच: एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओनं बोफोर्सचं पिल्लू सोडलं होतं, तेव्हा मे-जूनमध्ये एखादं शौर्य गाजवणं सोयीचं. आपल्याकडे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी म्हण आहे. इथं बंबच रामेश्वरहून निघाला, आणि आग लावायला काड्या पुरवणाऱ्यांतही तोच. गंमत अशी, की दोन्ही बाजूंचं जवळजवळ प्रत्येक वाक्य खरं होतं. इंधन तोडलेलं खरं, बंदुका शिकवलेल्या खऱ्या, तमिळनाडूतला संताप खरा, बोफोर्सही खरं. खोटा होता तो दोन्हीकडचा आग्रह, की यांपैकी एकच कारण ‘खरं’ असलं पाहिजे.

हेतू शोधायचा तर भाषणं बाजूला ठेवून सामान कसं टाकतात ते पाहावं. विमानाच्या मागच्या बाजूचं दार, रॅम्प, उघडतं. आत रोलरवर गाठोडी एकामागे एक लावलेली असतात. प्रत्येकाच्या छत्रीची दोरी विमानाला अडकवलेली, म्हणजे गाठोडं बाहेर पडलं की दोरीच छत्री ओढून उघडते. वैमानिक नाक किंचित वर करतो, बंधन सुटतं आणि उतारावरून घरंगळावं तसा माल आपल्याच वजनानं मागं सरकत बाहेर पडतो. छत्रीशिवाय टाकायची पद्धतही आहे, धान्यासाठी तीच स्वस्त: पोतं पुरतं भरायचं नाही, सैल ठेवायचं, आणि ते आणखी मोठ्या पोत्यात घालायचं. जमिनीवर आदळून आतलं फाटलं तरी दाणे बाहेरच्यात राहतात. तेल, औषधं, दूध यांना ते चालत नाही, त्यांना छत्री लागतेच. आणि दोन्ही पद्धतींना एक गोष्ट सगळ्यात जास्त लागते: खाली माणसं. मैदान आखणारी, खूण करणारी, गर्दी लांब ठेवणारी आणि नंतर मोजून वाटणारी. ती नसतील तर गाठोडं ज्याच्या हाताला पहिलं लागतं त्याचं होतं. पहिला हात कुणाचा लागतो? धावू शकणाऱ्याचा. नाहीतर बंदूकवाल्याचा. बाळंतिणीचा, म्हाताऱ्याचा लागत नाही. मार्च १९९१ नंतर इराकच्या डोंगरांत अडकलेल्या कुर्दांवर सामान टाकताना आणि मार्च २०२४ मध्ये गाझात, गाठोडी माणसांच्या अंगावर पडून माणसं मेली. गाझात छत्री उघडली नाही आणि पाच जण जागीच गेले. म्हणून मदतीच्या धंद्यात मुरलेली माणसं वरून टाकण्याला शेवटचा उपाय मानतात. एका मोठ्या ट्रकमध्ये वीस टन बसतात, तो फाटकातून येतो, पावती फाडतो आणि कुणाच्या डोक्यावर पडत नाही. विमान वापरलं जातं ते ट्रकला फाटक उघडत नाही तेव्हा, किंवा विमान दिसायला हवं असतं तेव्हा. ४ जूनला दोन्ही गोष्टी होत्या.

आणि उंची. समजा छत्रीचं गाठोडं सेकंदाला सहा मीटरनं उतरतंय आणि वारा सेकंदाला पाच मीटरचा आहे. पंधराशे फुटांवरून सोडलं तर ते सव्वा मिनिटात खाली येतं आणि पावणेचारशे मीटर सरकतं, म्हणजे शेजारच्या वाडीत पडतं. पंधरा हजार फुटांवरून सोडलं तर साडेबारा मिनिटं हवेत असतं आणि पावणेचार किलोमीटर लांब जातं, म्हणजे दुसऱ्याच गावात, कदाचित शत्रूच्या. खाली यावं तर खालून गोळी लागायची भीती. म्हणजे उंचीचा आकडा हा एक प्रकारचा सौदा आहे: वरच्याच्या जिवाचा धोका किती घ्यायचा आणि खालच्याच्या जिवाचा किती. हा सौदा तांदळाला लागू आहे तसाच बॉम्बलाही. १९९९ मध्ये कोसोवोतल्या अल्बेनियन लोकांना सर्बियाच्या सैन्यापासून वाचवायला नाटोनं ७८ दिवस बॉम्बफेक केली, ३८ हजारांच्या आसपास उड्डाणं झाली आणि लढाईत नाटोचा एकही माणूस गेला नाही. कारण विमानं बहुतेक काळ पंधरा हजार फुटांच्या खाली आणायची नाहीत असं ठरलं होतं. विमानविरोधी तोफा आणि खांद्यावरची क्षेपणास्त्रं तिथवर नीट पोचत नाहीत. १४ एप्रिलला जाकोव्हित्साजवळच्या रस्त्यावर वाहनांची एक रांग दिसली. वरून ती लष्करी वाटली. ते ट्रॅक्टर होते, ट्रॉल्यांत बसून पळणारे अल्बेनियन निर्वासित होते, सत्तरच्या वर माणसं मेली. ज्यांच्यासाठी विमानं आली होती तीच. त्यानंतर काही वैमानिकांना ओळख पटवायला खाली उतरण्याची मुभा मिळाली. हे वाचून नाटोचा हेतू खोटा होता असं म्हणणारे म्हणतात. तसं म्हणवत नाही. हेतू खरा होता, फक्त तो पंधरा हजार फूट खोल होता.

अफगाणिस्तानातली पिवळ्या पाकिटांची गोष्ट तर कुणी रचून सांगितली असती तर अतिरेकी वाटली असती. ७ ऑक्टोबर २००१ ला अमेरिकेनं बॉम्बफेक सुरू केली त्याच रात्री सी-१७ विमानांतून अन्नाची सुमारे ३७ हजार पाकिटं टाकली. पाकीट विचारपूर्वक केलेलं: निदान २,२०० उष्मांक, एका माणसाचं दिवसाचं अन्न, मांस नाही म्हणजे कुठल्या धर्माला अडचण नाही, आत डाळीभाताचा प्रकार, शेंगदाण्याचं लोणी, असं. वर छापलेलं, की ही अमेरिकी जनतेची भेट आहे. छत्री नाही, पुठ्ठ्याचे मोठे खोके विमानाबाहेर पडताच फाटतात आणि पाकिटं सुटी होऊन पानांसारखी भिरभिरत येतात, म्हणजे डोक्यावर वजन पडायला नको. रंग पिवळाधमक, धुळीत लांबून दिसावा म्हणून. आता त्याच आकाशातून जे क्लस्टर बॉम्ब, म्हणजे एकातून अनेक छोटी स्फोटकं विखुरणारे बॉम्ब, पडत होते, त्यांच्यातली न फुटलेली नळकांडीही पिवळीच, शीतपेयाच्या डब्याएवढी. शेवटी रेडिओवरून सांगावं लागलं, की पिवळी चौकोनी वस्तू खायची आहे, पिवळ्या नळकांड्याला हात लावायचा नाही. मग पाकिटाचा रंग निळा करायचं ठरलं. दोन वेगळी खाती, दोघांनीही आपापल्या परीनं योग्य रंग निवडलेला, आणि एकाच्या टेबलावरचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर गेला नव्हता. फार मोठ्या पापाची गोष्ट नाही ही. सरकारी कामकाजाची आहे, म्हणूनच जास्त लागते.

आपल्याकडचं म्हणाल तर १९७१ ची एक चिमुकली वस्तू जुन्या पाकिटांवर अजून सापडते. पाच पैशांचं लालसर तिकीट, कुटुंबनियोजनाचं चित्र असलेलं, आणि त्यावर घाईनं छापलेली अक्षरं: ‘शरणार्थी सहायता’. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं सोडून बाकी टपालावर पाच पैसे जादा भरावे लागत. नवं तिकीट छापून व्हायला डिसेंबर उजाडला, म्हणून हाताशी होतं त्याच तिकिटावर शिक्का मारला. कमी मुलांचा प्रचार करणाऱ्या तिकिटावर पूर्व बंगालातून आलेल्या एक कोटी पाहुण्यांचा खर्च. मार्च १९७३ पर्यंत हा कर चालला. पुण्याहून नागपूरला पत्र टाकणारा माणूस बांगलादेशाच्या मुक्तीत पाच पैशांचा भागीदार होता, त्याला कुणी हेतू विचारला नाही. हेतू विचारला गेला न्यूयॉर्कला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी समर सेन म्हणाले, की या प्रसंगी आमच्यापाशी शुद्धातले शुद्ध हेतू आणि शुद्धातले शुद्ध इरादे यांखेरीज काहीही नाही. पूर्व बंगालच्या लोकांना ते भोगताहेत त्यातून सोडवायचं, बस. राजनैतिक भाषेत असं वाक्य दुर्मीळ. भारताची बाजू मांडताना मग भर पडत गेली ती पाकिस्तानच्या ३ डिसेंबरच्या हवाई हल्ल्यावर आणि निर्वासितांच्या लोंढ्यावर, म्हणजे स्वसंरक्षणावर. शुद्ध हेतूचं वाक्य एकटंच राहिलं. ७ डिसेंबरला आमसभेनं युद्धबंदी करून सैन्य मागं घ्या असा ठराव केला: १०४ बाजूनं, ११ विरोधात, १० तटस्थ. अकरांत आपण, भूतान आणि सोव्हिएत गटातले बहुतेक देश.

एकशेचार देशांना दया नव्हती असं नाही.

त्यांना भीती होती, आणि ती खुळी नव्हती. आज शेजाऱ्याच्या घरातली मारहाण थांबवायला दार तोडणं मान्य केलं, तर उद्या कुणाचंही दार कुणीही तोडेल आणि आतून रडण्याचा आवाज येत होता असं सांगेल. त्यांतले बरेच नुकतेच वसाहतीतून सुटलेले देश होते. त्यांच्या दारांना कड्या लावून पंचवीस वर्षंही झाली नव्हती. आणि हीच भीती आपण पुढं दुसऱ्यांना ऐकवली. २६ मार्च १९९९ ला कोसोवोवरची बॉम्बफेक थांबवा असा मसुदा रशियानं सुरक्षा परिषदेत आणला, त्यावर सहप्रस्तावक म्हणून बेलारुसबरोबर भारताचं नाव होतं. तीन विरुद्ध बारा मतांनी तो पडला. मूदभर तांदूळ घेऊन परवानगीशिवाय दुसऱ्याच्या आकाशात शिरलो त्याला तेव्हा बारा वर्षंही झाली नव्हती. दांभिकपणा म्हणावं तर म्हणता येईल. पण जाफनाच्या अनुभवानं पोळलेल्या माणसानं ताक फुंकून प्यावं, असंही ते असू शकतं, आणि माझा कल जरा तिकडे आहे. मार्च २०११ मध्ये लिबियाच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो, ब्राझील, चीन, रशिया आणि जर्मनीसोबत. ठराव क्रमांक १९७३, नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ करायची मुभा. त्या तीन शब्दांच्या पोत्यात काय काय भरलं गेलं ते सात महिन्यांत दिसलं: बंडखोरांच्या बेनगाझीकडे निघालेले हुकूमशहा गद्दाफीचे रणगाडे थांबवण्यापासून सुरुवात आणि शेवट त्याच्या प्रेतापाशी. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र समितीनंच २०१६ मध्ये लिहिलं, की नागरिकांच्या रक्षणाची मर्यादित मोहीम घसरत घसरत सत्ताबदलाची झाली आणि पुढचं काय याचा विचारच नव्हता. समितीनं ‘घसरत’ म्हटलंय हे महत्त्वाचं. ढकललं असं नाही. उतारावर आपसूक जातं तसं.

मग जिथं कुणाचाच मतलब नसतो तिथं तरी शुद्ध मनानं लोक येत असतील? रवांडात कुणाचं तेल नव्हतं, बंदर नव्हतं, मतदार नव्हते. एप्रिल १९९४ मध्ये बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले, बेल्जियमनं सैन्य काढून घेतलं, आणि २१ एप्रिलला, तुत्सी लोकांची कत्तल ऐन भरात असताना, सुरक्षा परिषदेनं तिथली शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव केला. शंभर दिवसांत मृतांचा आकडा आठ लाखांच्या घरात गेला. याउलट १९७९ च्या जानेवारीत व्हिएतनामच्या फौजांनी कंबोडियाची राजधानी नोमपेन्ह घेतली आणि लाखोंचा बळी घेणाऱ्या पोल पॉटचा कारभार बंद पाडला, तो सरहद्दीच्या भांडणातून, स्वतःच्या सोयीसाठी. दयेचं नाव त्यांनी घेतलं नाही. माणसं वाचली ती वाचलीच. आणि बक्षीस म्हणून संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची पुढची कितीतरी वर्षं पोल पॉटच्याच लोकांकडे राहिली. शुद्ध हेतूवाल्यांची वाट पाहत बसणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं उशाला ठेवावीत.

हेतू मतलबी असला तरी चालेल, असं मात्र यातून निघत नाही. कारण हेतू पहिल्या दिवशी दिसत नाही, तो दुसऱ्या कागदावर दिसतो. पूमालैनंतर आठ आठवड्यांनी, २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, आणि त्याच तारखेची पत्रं एकमेकांना दिली. करार तमिळांबद्दल होता. पत्रं कशाबद्दल होती? पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली किंवा दुसरं कुठलंही बंदर भारताच्या हिताला बाध येईल अशा तऱ्हेनं कुठल्याही देशाला लष्करी वापरासाठी द्यायचं नाही. परक्या लष्करी आणि गुप्तहेर माणसांबद्दल बोलून घ्यायचं. परदेशी रेडिओकेंद्रांची फेरतपासणी करायची. आणि त्रिंकोमालीच्या तेलाच्या टाक्या दोघांनी मिळून दुरुस्त करून चालवायच्या. इंग्रजांनी आरमारासाठी बांधलेल्या या टाक्या, ९९ उरल्यात, एकेकीत साधारण बारा हजार टन तेल मावेल अशा, झाडीत लपवलेल्या. जूनमध्ये पंचवीस टन सामान गेलं होतं, जुलैत सुमारे बारा लाख टन तेल मावेल एवढ्या टाक्यांचा विषय आला. या पत्रांवरून ‘बघा, हाच कावा होता’ असं म्हणणारे आजही आहेत, आणि त्यांना खोटं पाडता येत नाही. पण टाक्यांचं पुढं काय झालं तेही पाहा. २००३ मध्ये त्या इंडियन ऑइलच्या लंकेतल्या कंपनीला पस्तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळाल्या, त्यातल्या चौदा-पंधराच वापरात आल्या, बाकीच्यांना वेली चढल्या. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा वाटणी झाली: चौदा आपल्याकडे, चोवीस त्यांच्याकडे, एकसष्ट भागीदारीत. इतका थोर कावा, आणि पस्तीस वर्षांत चौदा टाक्या. कावेबाजांना आपण उगाच फार हुशार समजतो.

कराराबरोबर भारताची शांतिसेना लंकेत गेली. जी तमिळ जनता जूनमध्ये आकाशाकडे बघत होती तिनं आधी हार घातले, ऑक्टोबरमध्ये लढाई सुरू झाली ती त्याच जाफनात, त्या तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, ज्यांच्यातल्या काहींना आपणच शिकवलं होतं. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना हल्लेखोराची रायफल हिसकावून लढले आणि गेले, मरणोत्तर परमवीरचक्र. मुंबईत जन्मलेला, मुंबईत शिकलेला तमिळ माणूस, महार रेजिमेंटच्या जवानांचा अधिकारी, तमिळांच्या रक्षणासाठी गेला आणि तमिळांच्या गोळीनं मेला. हेतूंची चर्चा करणाऱ्यांनी इथं कुणाचा हेतू तपासायचा ते सांगावं. शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान परतले नाहीत. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून, त्याच टाक्यांच्या बंदरातून, बोटीनं निघाली. मद्रासला मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. आपल्याच रक्ताच्या लोकांना मारून आलेल्यांचं स्वागत कसं करू, हा त्यांचा सवाल. मेलेल्या जवानांची नावं दगडात कोरली ती कोलंबोनं, संसदेजवळ, ज्यांचं आकाश आपण तासाभराच्या नोटिशीवर मोडलं होतं त्यांनी.

आणि ४ जूनची ती पाच विमानं. कुणी अडवलं नाही, मिराजला एकही क्षेपणास्त्र सोडावं लागलं नाही. रॅम्प बंद झाले. पंचवीस टन खाली गेलं होतं, विमानं हलकी झाली होती, रोलर रिकामे खडखडत असणार. परतीच्या वाटेवर पोटात वजन उरलं होतं ते फक्त माणसांचं.